भोसरीतल्या जुन्या एक्सपी संगणकावर लुआ इंटरप्रिटर बांधताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या लहान कारखान्यात मी मोजमापाच्या यंत्रांची देखभाल पाहतो, तिथे शाफ्टचा व्यास मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला एक संगणक आजही विंडोज एक्सपीवर चालतो. यंत्राचे सिग्नल घेणारे कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीपुरताच बनलेला असल्यामुळे संगणक बदलायचा म्हणजे मोजयंत्रच बदलावे लागेल, आणि मोजयंत्र तर अजून मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, चोख मोजते. अडचण वेगळीच होती. यंत्राचा प्रोग्राम प्रत्येक मोजणीची एक ओळ मजकूर-फाइलमध्ये लिहितो, पण दिवसअखेर किती नग मर्यादेत बसले आणि किती बाहेर गेले हे पाळीवरच्या माणसाला हाताने मोजून वहीत उतरवावे लागत असे. हे काम त्याच संगणकाने करावे, तेही नवीन खर्च न करता, म्हणून मी त्या संगणकावर लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम, मूळ स्रोतापासून (सोर्स कोडपासून) बांधला. चाकण, पिरंगुट, हडपसर इथल्या कारखान्यांत आणि पुणे शहरातल्या अनेक प्रयोगशाळांत असे संगणक आहेत, म्हणून त्यांच्या देखभाल करणाऱ्यांसाठी ती रीत इथे सविस्तर लिहीत आहे.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकायची आहेत. जिथे मोठी-छोटी अक्षरे किंवा चिन्हे महत्त्वाची आहेत, तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

लुआच का

एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला. त्यानंतर बहुतेक भाषांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पायथनची ३.४ ही एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका, ३.५ पासून तो दरवाजा बंद झाला. पायथन ३.४ चा तयार इन्स्टॉलर वापरता येतो आणि ज्यांना ती भाषा येते त्यांनी तो जरूर वापरावा, परंतु तो एक्सपीवर स्वतः बांधायचा म्हटले की योग्य आवृत्तीचा व्हिज्युअल स्टुडिओ आणि त्याच्या सोबतीला इतर अनेक लायब्ऱ्या (तयार फंक्शनांचे संच) गोळा करणे आले.

लुआची गोष्ट निराळी आहे. १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या पीयूसी विद्यापीठात रोबेर्तो इएरुसालिमस्की, वाल्देमार सेलेस आणि लुइस एन्रिके दे फिगेरेदो यांनी ती घडवली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. ती शुद्ध, प्रमाणित सी भाषेत लिहिलेली असून तिला सी भाषेच्या प्रमाण लायब्रीपलीकडे कशाचीच गरज लागत नाही. संपूर्ण स्रोताची दाबलेली फाइल तीनशे किलोबाइटांच्या आसपास आहे, आणि बांधून झालेल्या फाइली एका फ्लॉपीत सहज मावतात. परवाना एमआयटीचा असल्याने कारखान्यात वापरायलाही आडकाठी नाही.

आवृत्तींपैकी मी ५.३.६ निवडली, आणि ही निवड विचारपूर्वक केली. ५.१ अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, पण तिच्यात पूर्णांकांचा स्वतंत्र प्रकार नाही, यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीची, लायब्री नाही आणि एक्सपीच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली फाइल ती वाचू शकत नाही, कारण नोटपॅड फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट ठेवतो आणि ५.१ पहिल्याच ओळीवर अनपेक्षित चिन्हाची तक्रार करून थांबते. ५.२ पासून हे तीन बाइट गुपचूप ओलांडले जातात. ५.४ सुद्धा एक्सपीवर बांधता येते. पण २०२० साली निघालेली ५.३.६ ही तिच्या मालिकेतली शेवटची आवृत्ती आहे, तिच्यात आता काही बदलणार नाही, आणि ज्या संगणकात पुढची दहा वर्षे काहीच बदलू नये अशी आपली इच्छा आहे, त्याला अशीच स्थिरावलेली आवृत्ती शोभते.

बांधणी त्याच संगणकावर का करावी

नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम बांधून पेन ड्राइव्हने नेणे सोपे वाटते, आणि मीही आधी तेच केले होते. एक्सपीने तो प्रोग्राम वैध नसल्याचा निरोप देऊन नाकारला. कारण असे की, व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ आणि त्यापुढचे कंपायलर (स्रोतापासून चालणारा प्रोग्राम बनवणारी साधने) प्रोग्रामच्या मथळ्यात किमान विंडोज ६.०, म्हणजे व्हिस्टा, असे नोंदवतात. एक्सपी ही ५.१ असल्यामुळे ती पुढे वाचतच नाही. ती नोंद बदलली तरी कित्येकदा पुढे कर्नेल लायब्रीत अमुक फंक्शन सापडले नाही अशी अडचण उभी राहते. ज्या यंत्रावर प्रोग्राम चालणार, त्याच यंत्रावर तो बांधला की हे सगळे प्रश्न मुळातच उद्भवत नाहीत. शिवाय उद्या हार्ड डिस्क गेली, तर तेच साहित्य आणि तीच आज्ञा वापरून दुसऱ्या जुन्या संगणकावर सगळे पुन्हा उभे करता येते.

साहित्य जमवणे

प्रथम स्टार्ट, रन आणि विनव्हर असे करून सर्व्हिस पॅक ३ आहे याची खात्री करावी. नंतर तीन गोष्टी लागतात: लुआ ५.३.६ चा स्रोत, एक कंपायलर आणि एक असा पेन ड्राइव्ह जो याच कामासाठी राखून ठेवलेला आहे.

या फाइली एक्सपीवरून उतरवण्याचा खटाटोप करू नये. आजची बहुतेक संकेतस्थळे टीएलएस १.२ किंवा त्यापुढची सुरक्षित जोडणी मागतात आणि एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला संगणक जाळ्याला जोडूच नये. स्रोत लुआच्या अधिकृत संकेतस्थळावरून नव्या संगणकावर उतरवावा, तिथेच दिलेला एसएचए-२५६ ठसा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) ताडून पाहावा आणि फाइल तिथेच उलगडून फोल्डर म्हणून पेन ड्राइव्हवर घ्यावी, कारण टार-जीझेड प्रकारची फाइल एक्सपीला स्वतःहून उघडता येत नाही. ठसा काढण्यासाठी विंडोज १० वर सर्टयुटिल या आज्ञेला हॅशफाइल हा पर्याय, फाइलीचे नाव आणि शेवटी एसएचए२५६ असे द्यावे.

कंपायलरसाठी मी कोड-ब्लॉक्स या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची १३.१२ ही आवृत्ती घेतली, आणि तीही मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर-संच) सोबत असलेली. तिच्यात टीडीएम-जीसीसी ४.७.१ हा कंपायलर, बनलेले तुकडे जोडणारा लिंकर आणि बांधणीच्या पायऱ्या क्रमाने चालवणारे मेक हे सगळे एकाच इन्स्टॉलरमध्ये मिळते, म्हणून जाळ्याशिवायच्या संगणकाला ती सोयीची आहे. इन्स्टॉल करताना मात्र प्रोग्राम फाइल्स या सुचवलेल्या फोल्डरऐवजी थेट सी ड्राइव्हवर कोडब्लॉक्स नावाचे फोल्डर द्यावे. मार्गात मोकळी जागा आली की मेकसारखी जुनी साधने मध्येच अडखळतात आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

पेन ड्राइव्हबद्दल आग्रहाने सांगतो. एक्सपी पेन ड्राइव्ह जोडताच त्यावरची ऑटोरन फाइल वाचू पाहते आणि कारखान्यांतल्या बहुतेक लागणी याच वाटेने येतात. जोडताना शिफ्ट कळ दाबून धरावी, आणि या संगणकाचा पेन ड्राइव्ह दुसरीकडे फोटो नेण्या-आणण्यासाठी कोणाला देऊ नये.

सुरुवातीला आणखी एक खबरदारी घ्यावी: मोजयंत्राच्या प्रोग्रामचे फोल्डर आणि जमल्यास संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवावी. जुनी आयडीई डिस्क कधी बसेल याचा नेम नसतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोध घेतला तर जुने सुटे भाग कधी मिळतात, कधी नाही. त्या भरवशावर कामाची नोंद ठेवता येत नाही. आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून प्रत आणि बांधणी ही दोन्ही कामे मी गुरुवारी केली.

प्रत्यक्ष बांधणी

स्रोताचे फोल्डर सी ड्राइव्हवर काम नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. फोल्डरचे नाव रोमन अक्षरांतच असू द्यावे. विंडोजमध्ये देवनागरीला जुन्या पद्धतीचे कोड पेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता) नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. उलट लुआ फाइल उघडताना सी भाषेचे साधे फंक्शन वापरते आणि ते कोड पेजवरच अवलंबून असते. त्यामुळे फाइलीचे नाव देवनागरीत असेल तर एक्सप्लोररमध्ये ते नीट दिसते, पण लुआला ती फाइल सापडतच नाही. फाइलीच्या आतला मजकूर मराठीत असायला मात्र काहीच हरकत नाही.

आता कंपायलरचा मार्ग विंडोजला सांगायचा आहे. माय कॉम्प्युटरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स असे जावे आणि पाथ या चलाच्या शेवटी अर्धविराम देऊन कोडब्लॉक्समधल्या मिनजीडब्ल्यूच्या बिन फोल्डरचा पूर्ण मार्ग जोडावा. आधीचा मजकूर पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी. मोजयंत्राचा प्रोग्रामही त्याच पाथवर अवलंबून असू शकतो. मग नवी कमांड प्रॉम्प्ट उघडून जीसीसी या आज्ञेपुढे दोन उणे चिन्हे आणि व्हर्जन असे टंकावे. ४.७.१ हा आकडा दिसला की कंपायलर तयार आहे.

सीडी आज्ञेने लुआच्या फोल्डरमध्ये जावे आणि मिनजीडब्ल्यू३२-मेक ही आज्ञा टंकून, मोकळी जागा सोडून, शेवटी मिनजीडब्ल्यू हा शब्द द्यावा. पडद्यावर एकामागून एक सी फाइलींची नावे सरकत जातात. आमच्या जुन्या पेंटियमवरही चहा येईपर्यंत काम आटोपले. सोर्स (रोमनमध्ये नाव एसआरसी) या आतल्या फोल्डरमध्ये तीन फाइली तयार होतात: लुआ हा इंटरप्रिटर, लुआसी हा बाइटकोड बनवणारा कंपायलर आणि लुआ५३ ही डीएलएल (प्रोग्राम चालताना वापरली जाणारी लायब्री), जिच्यात भाषेचा सगळा गाभा आहे.

मेकच्या मदतीने पुढे इन्स्टॉल किंवा क्लीन करायला जाऊ नये. त्या दोन्ही आज्ञांच्या आत युनिक्समधली साधने गृहीत धरली आहेत आणि ती या संगणकावर नाहीत. तीनही फाइली हाताने सी ड्राइव्हवरच्या लुआ फोल्डरमध्ये उचलून ठेवाव्यात आणि त्या फोल्डरचा मार्गही पाथमध्ये जोडावा.

स्रोतातल्या फाइली वाचायच्या झाल्या तर नोटपॅडऐवजी वर्डपॅड वापरावा. त्या फाइलींत ओळ संपल्याची खूण युनिक्स पद्धतीची आहे आणि एक्सपीच्या नोटपॅडला ती कळत नसल्याने सारा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसतो.

कामाला लावण्याआधीची परीक्षा

लुआ असे टंकून एंटर दाबले की आवृत्तीची ओळ येते आणि त्याखाली 'पेक्षा मोठे' हे चिन्ह आपली वाट पाहते. बहुतेक जण इथेच समाधान मानतात. मी थोडे पुढे गेलो आणि ते बरेच झाले. भाषेत पूर्णांक ६४ बिटांचे आहेत, म्हणून मी १ ला ४० स्थाने डावीकडे सरकवून उत्तर मागितले. लुआत त्यासाठी 'पेक्षा लहान' हे चिन्ह दोनदा लिहितात. उत्तर १०९९५११६२७७७६ यायला हवे होते. पडद्यावर आले शून्य.

सर्वांत मोठा पूर्णांक, म्हणजे मॅथ लायब्रीतला मॅक्सइंटिजर, मागितला तेव्हा उणे १ आले. ही चूक गणिताची नव्हती. आत संख्या अचूक होती, ती छापताना मोडत होती. मिनजीडब्ल्यूने बांधलेला प्रोग्राम छपाईचे काम विंडोजच्या एमएसव्हीसीआरटी या लायब्रीवर सोपवतो, आणि एक्सपीतल्या त्या लायब्रीला ६४ बिटांच्या पूर्णांकासाठी असलेली दोन एल अक्षरांची खूण ठाऊक नाही. ती केवळ खालचे ३२ बिट छापते. १ ला ४० स्थाने सरकवल्यावर खालच्या ३२ बिटांत शून्याशिवाय काही उरत नाही, म्हणून शून्य. नव्या विंडोजवर हीच फाइल बरोबर उत्तर देते, आणि म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. व्यासाचे आकडे लहान असल्याने माझे काम कदाचित तसेही चालून गेले असते, पण जे साधन मोठा आकडा चुकीचा छापते त्याच्यावर मोजमापाची नोंद सोपवणे मला पटले नाही.

उपाय कंपायलरमध्येच आहे. मिनजीडब्ल्यूपाशी छपाईची स्वतःची, प्रमाणाला धरून असलेली फंक्शने आहेत. ती वापरायला सांगणारे एक नाव बांधणीच्या वेळी द्यावे लागते. ते नाव असे लिहावे: आरंभी दोन अधोरेषा, मग यूज, मिनजीडब्ल्यू, एएनएसआय आणि एसटीडीआयओ हे चार शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, प्रत्येक दोन शब्दांमध्ये एक अधोरेषा. आधीच्या मेक आज्ञेच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून मायसीफ्लॅग्ज हा एकच सलग शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहावा, त्यात माय हा एम आणि वाय या दोन अक्षरांनी आणि फ्लॅग्ज हा शेवटी एस देऊन. त्यानंतर मोकळी जागा न सोडता बरोबरीचे चिन्ह, उणे चिन्ह, मोठा डी, वरचे नाव, पुन्हा बरोबरीचे चिन्ह आणि १ असे टंकावे. त्याआधी सोर्स फोल्डरमध्ये जाऊन ओ या विस्ताराच्या सगळ्या फाइली, तिन्ही तयार फाइली आणि ए या विस्ताराची लायब्री डेल आज्ञेने काढून टाकाव्यात, नाहीतर मेक आधीचेच तुकडे पुन्हा जोडून मोकळा होतो आणि काहीच बदलत नाही. मी पहिल्या खेपेला हे विसरलो होतो.

दुसऱ्या बांधणीनंतर १०९९५११६२७७७६ हा आकडा पडद्यावर आला आणि सर्वांत मोठा पूर्णांक ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असा दिसला. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात: १० भागिले २ चे उत्तर ५.० असे दशांशासह येते आणि दोन तिरक्या रेघांनी भागाकार केला तर १० आणि ३ चे उत्तर ३ असे पूर्णांकात येते. ५.३ मधला हा भेद अहवाल लिहिताना उपयोगी पडतो. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल आणि झेड दाबून एंटर द्यावे.

मराठी मजकुराचे काय होते

पाळीवरच्या माणसांनी अहवाल वाचायचा आहे, तेव्हा तो मराठीतच हवा. यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन जटिल लिपींसाठीच्या फाइली बसवाव्या लागतात. त्या वेळी एक्सपी आपली मूळ सीडी किंवा तिच्यातले आय३८६ फोल्डर मागते, म्हणून ते हाताशी ठेवावे. मंगल हा फाँट आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मग उपलब्ध होतो.

नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहून जतन करताना एन्कोडिंगच्या यादीतून दर वेळी यूटीएफ-८ निवडावे. यादी एएनएसआयवर राहिली तर सगळी देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन बसतात आणि ती परत मिळत नाहीत.

मी पहिल्या चाचणीत पुणे हा शब्द छापायला सांगितला आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ग्रीक अल्फासारखे चिन्ह चार वेळा उमटले, त्यांच्या मधे आणखी काही अनोळखी चिन्हे. पाहून आधी वाटले की फाइल बिघडली. पण ते चिन्ह चार वेळा का, हे पाहिले की सारे उलगडते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी एकच असतो. काळी खिडकी वापरत असलेल्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजात त्या बाइटाचे चित्र म्हणजे अल्फा. पुणे या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणून चार अल्फा. लुआत या शब्दाची लांबी मागितली तर १२ येते, कारण ती बाइट मोजते. यूटीएफ-८ लायब्रीतल्या लेन या फंक्शनकडून ४ येते. आपल्याला दिसणारी अक्षरे दोनच आहेत, आणि तशी मोजणी हवी असेल तर ती स्वतः लिहावी लागते. रकाने सरळ रेषेत आणण्यासाठी लांबीवर विसंबू नये. रकान्यांच्या मधे टॅब द्यावा.

म्हणून काळ्या खिडकीत मराठी छापण्याच्या मागे न लागता अहवाल फाइलमध्ये लिहावा आणि ती नोटपॅडने उघडावी. फाइलीच्या आरंभी नोटपॅडला ओळख पटवणारे ते तीन बाइट आपणच लिहावेत, ५.३ मध्ये त्यासाठी अवतरणात उलटी तिरकी रेघ, छोटा यू आणि महिरपी कंसात एफईएफएफ असे दिले की पुरते. ओळ संपल्याची खूण विंडोजवर लुआ आपोआप विंडोजच्या पद्धतीने लिहिते, तेव्हा तिची चिंता नको.

चलांची नावे मात्र ५.३ मध्ये रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात. ५.४ च्या स्रोतात बांधणीच्या वेळी एलयूए, मग अधोरेषा, मग यूसीआयडी असे नाव दिले तर देवनागरी नावेही चालतात. शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी कोणी इंटरप्रिटर बांधत असेल, तर त्याने हा मार्ग जरूर धरावा, कारण व्यास आणि बेरीज अशी नावे वापरून लिहिलेला प्रोग्राम मूल एका बैठकीत वाचते, हे मी घरी पाहिले आहे.

रोजचा अहवाल

आमच्या यंत्राच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर वेळ आणि व्यास अशा दोन गोष्टी असतात, जसे की ०९:१४ आणि त्यापुढे २५.०१२, अर्थात फाइलीत हे अंक इंग्रजी असतात, आणि ते तसेच असावेत, कारण लुआ देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. प्रोग्रामचा आराखडा चार पायऱ्यांचा आहे. आयओ लायब्रीतल्या ओपनने फाइल उघडावी आणि ती आज्ञा असर्ट या फंक्शनच्या कंसात ठेवावी, म्हणजे मोजयंत्राच्या प्रोग्रामने फाइल अडवून ठेवली असेल तर लुआ तिथेच थांबून कारण सांगेल; एरवी प्रोग्राम पुढच्या पायरीवर थांबतो आणि फाइल का उघडली नाही हे कळत नाही. मग लाइन्स या फंक्शनने एकेक ओळ घ्यावी, स्ट्रिंग लायब्रीतल्या मॅचने तिचे दोन भाग करावेत, व्यास टूनंबरने संख्येत बदलावा आणि मर्यादेशी ताडून पाहावा.

ताडताना मिलिमीटरांऐवजी मायक्रॉन वापरावेत. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत, लुआला ०.१ अधिक ०.२ हे ०.३ एवढे आहे का असे विचारले तर ती नाही म्हणते. व्यासाला १००० ने गुणून, त्यात ०.५ मिळवून मॅथ लायब्रीतले फ्लोअर लावले की २५.०१२ चे २५०१२ हे पूर्णांक मायक्रॉन होतात. आमची मर्यादा २४९९० ते २५०१० आहे. बरोबर मर्यादेवर आलेला नग पूर्णांकांत नेहमी एकाच बाजूला पडतो, आणि ज्याच्या हातून तो नग नाकारला जातो त्याला उत्तर देताना ही खात्री लागते.

ज्या ओळीचे दोन भाग होत नाहीत, ती गाळून पुढे जाऊ नये. तिचा क्रमांक अहवालाच्या तळाशी लिहावा. वीज गेली त्या क्षणी अर्धी राहिलेली ओळ अशीच सापडते.

पहिल्या आठवड्यात पाळीवरचे काका अहवाल घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, हा अहवाल २००२ सालचा कसा काय?" प्रोग्राम बरोबर होता, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटन बॅटरी संपली होती, आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य कळ बंद केल्यावर घड्याळ मागे गेले होते. बॅटरी बदलली. शिवाय ओएस लायब्रीतल्या डेटने साल वाचून ते ठरावीक सालाच्या मागचे असेल तर अहवालाऐवजी घड्याळ तपासा एवढीच ओळ लिहावी, अशी सोय प्रोग्राममध्ये केली. जुन्या संगणकावर तारीख वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामात ही तपासणी असावी असे माझे मत आहे.

रोज ठरलेल्या वेळी अहवाल निघावा म्हणून एक लहान बॅच फाइल करावी. तिच्यात सीडी आज्ञेला तिरकी रेघ आणि डी जोडून कामाच्या फोल्डरमध्ये जावे आणि पुढच्या ओळीवर लुआ व प्रोग्रामचे नाव द्यावे. मग कंट्रोल पॅनेलमधल्या शेड्यूल्ड टास्क्समध्ये ती नोंदवावी. कारखान्यांतल्या संगणकांना बहुधा पासवर्ड नसतो, आणि कोऱ्या पासवर्डाच्या खात्यावर एक्सपी ठरवलेली कामे चालवत नाही; काम यादीत दिसते, वेळ येते आणि जाते, होत मात्र काहीच नाही. खात्याला पासवर्ड दिला की ते चालू लागते.

आता ही नोंद दीड वर्ष चालू आहे. लुआचा स्रोत, कोड-ब्लॉक्सचा इन्स्टॉलर, अहवालाचा प्रोग्राम आणि बॅच फाइल हे सगळे एका सीडीवर लिहून ती संगणकाच्या कपाटात ठेवली आहे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला असून त्यावर बांधणीची पूर्ण आज्ञा रोमन अक्षरांत, आधी काढून टाकायच्या फाइलींची यादी, आणि बांधणी झाल्यावर १ ला ४० स्थाने सरकवून जे उत्तर यायला हवे तो आकडा लिहिला आहे: १०९९५११६२७७७६.